कांद्याच्या मुळात डीएनएची नक्कल होताना का दिसत नाही?

मूळटोक (धागा काढणारी) | सोमवार, रात्री ९.१०

नाशिकमध्ये पेशीविभाजनाचं प्रात्यक्षिक म्हटलं की कांदा ठरलेला. मुळाचं टोक घ्यायचं, रंगवायला अ‍ॅसिटोकार्मिन, स्क्वॅश (काचेखाली दाबून चपटं करणं), मग प्रोफेज ते टेलोफेज हे विभाजनाचे टप्पे शोधत बसायचं. तोंडी परीक्षेत हमखास प्रश्न येतो: "यातल्या कुठल्या पेशीत रेप्लिकेशन (डीएनएची नक्कल) चालू आहे, बोट ठेवा." बहुतेक मुलं प्रोफेजवर ठेवतात आणि तिथेच फसतात.

विचारायचं असं, की एस फेज, म्हणजे पेशीचक्रातला डीएनएच्या नकलेचा टप्पा, स्लाइडवर ओळखू येतो का? शिवाय नोट्समधली आकृती बहुतेक वेळा ई. कोलाय या जीवाणूची असते, पॉलिमरेज (डीएनए लिहिणारं एन्झाइम) तीन वगैरे. कांद्याच्या किंवा माणसाच्या पेशीत नक्की कोण काय करतं? आणि एवढा अवाढव्य जीनोम काही तासांत आटोपतो कसा? गाइडमधली वाक्यं नकोत, आकडे द्या.

प्रयोगवही | सोमवार, रात्री ९.४८

पहिल्याचं उत्तर: नाही, ओळखू येत नाही. अ‍ॅसिटोकार्मिनच्या स्लाइडवर जी१ (नकलेआधीचा टप्पा), एस आणि जी२ (नकलेनंतरचा) तिन्ही सारखेच दिसतात. गोल केंद्रक, आत बारीक जाळं, एखाददोन केंद्रिका. चांगल्या स्लाइडवर शंभर पेशी मोजल्या तर विभाजनातल्या दहाच्या आसपास भरतात. उरलेल्या नव्वद मुलं "इंटरफेज" (दोन विभाजनांमधला काळ) लिहून सोडून देतात, आणि नक्कल नेमकी त्यांच्यातल्याच काहींमध्ये चाललेली असते.

प्रोफेजमध्ये गुणसूत्र जाड होऊन दिसू लागतं तेव्हा काम कधीच संपलेलं असतं. कांद्याची गुणसूत्रं १६. जी१ मध्ये १६, जी२ मध्येही १६च. बदलतं ते डीएनएचं प्रमाण, २सी चं ४सी (सी म्हणजे एका गुणसूत्रसंचातला डीएनए). गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचं प्रमाण यांची गल्लत हे प्रोफेजवर बोट ठेवण्याचं मूळ कारण.

एस फेज पाहायचाच असेल तर कार्मिन सोडा आणि फॉइल्गेन रंगक्रिया करा. कार्मिनचा रंग डीएनएच्या प्रमाणात चढत नाही, फॉइल्गेनचा चढतो. मुळं अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्ल ३:१ मध्ये २४ तास ठेवा. नंतर धुऊन १ एन हायड्रोक्लोरिक आम्लात ६०° सेल्सियसला ८ ते १० मिनिटं. या वेळात प्युरिन (डीएनएच्या चारपैकी दोन अक्षरं, ए आणि जी) गळतात आणि साखरेचे अल्डिहाइड गट उघडे पडतात. मग शिफ अभिकर्मकात अंधारात तासदीड तास, टोक जांभळं होईपर्यंत. सल्फाइटच्या पाण्यात धुवा आणि ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात स्क्वॅश करा.

फसतं ते दोन ठिकाणी. शिफ बाटलीतच गुलाबी झालं असेल तर ते टाकून द्या, त्यातला सल्फर डायऑक्साइड उडालेला आहे. आणि आम्लात पंधरावीस मिनिटं राहिलं तर डीएनएच तुटून बाहेर जातो, रंग फिका पडतो. मुलांना वाटतं जास्त वेळ ठेवलं की जास्त रंग येईल. उलट होतं.

मोजायला बाहेरचं प्रमाण लागत नाही, ते त्याच स्लाइडवर असतं. टेलोफेजमधलं एकेक केंद्रक २सी, प्रोफेजचं ४सी. इंटरफेजच्या केंद्रकाचा एकूण रंग या दोहोंच्या मधे पडला की ती पेशी एस फेजमध्ये आहे. हिरवा फिल्टर लावा, एकमेकांवर चढलेली केंद्रकं सोडा आणि नुसता गडदपणा न पाहता पूर्ण केंद्रकाच्या रंगाची बेरीज घ्या. स्क्वॅशमध्ये केंद्रक चपटं झालं की ते फिकं दिसतं, पण बेरीज तीच राहते. मोबाइलने फोटो काढणार असाल तर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोत मोजपट्टीच बदलते.

शंकासुर | सोमवार, रात्री १०.१५

अवांतर: धाग्यावर धाग्यांची चर्चा सुरू होणार आहे, तेव्हा आधीच सांगतो, डीएनएच्या एका साखळीला "पदर" म्हणूया. वेणीला असतात तसे दोन पदर. नाहीतर "दुसऱ्या धाग्यावर" म्हटलं की लोक लिंक मागतील.

अंजनेरी | सोमवार, रात्री ११.३०

पदर मान्य. आता यंत्रणा.

काम एसमध्ये होतं, पण त्याची तयारी आधीचं विभाजन संपता संपता आणि जी१ मध्ये उरकलेली असते. ओआरसी नावाचा सहा प्रथिनांचा संच डीएनएवर आरंभस्थानी, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते तिथे, बसतो. सीडीसी६ आणि सीडीटी१ यांच्या मदतीने तिथे एमसीएम २ ते ७ या सहा प्रथिनांची कडी चढवली जाते. एक नाही, दोन, समोरासमोर. या वेळी कड्या दुपदरी डीएनएला वेढून नुसत्या बसून असतात, काही उलगडत नाहीत. याला लायसन्सिंग म्हणतात.

एस सुरू होताना सीडीके आणि डीडीके ही दोन कायनेज (प्रथिनांना फॉस्फेट लावणारी एन्झाइम) जागी होतात. एमसीएमच्या कडीला सीडीसी४५ आणि जीआयएनएसची चार प्रथिनं येऊन चिकटतात आणि ११ प्रथिनांचं सीएमजी हेलिकेज (पदर उलगडणारं यंत्र) तयार होतं. कडी आता एकाच पदराला वेढते, दोन कड्या एकमेकींना ओलांडून विरुद्ध दिशांना निघतात. प्रत्येक आरंभस्थानापासून दोन फोर्क, म्हणजे पदर सुटे होत जाणाऱ्या दोन जागा.

उघड्या पदरावर आरपीए हे प्रथिन बसतं, म्हणजे तो स्वतःशीच गुंडाळला जात नाही. कुठल्याही डीएनए पॉलिमरेजला कोऱ्या पदरावर पहिलं अक्षर (न्यूक्लिओटाइड) ठेवता येत नाही. ते काम पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजचं: आधी ८ ते १० अक्षरांचा आरएनए आणि त्यापुढे सुमारे २० अक्षरांचा डीएनए. अल्फाला चुका तपासता येत नाहीत, म्हणून ते तेवढ्यावरच बाजूला होतं. आरएफसी हा संच एटीपी खर्चून पीसीएनए ही कडी डीएनएवर चढवतो. पॉलिमरेजला घसरू न देणारी पकड तीच. पुढे लीडिंग पदर (फोर्कच्या दिशेने सलग लिहिला जाणारा) मुख्यतः पॉलिमरेज एप्सिलॉन लिहितं, लॅगिंग पदर (उलट दिशेने तुकड्यातुकड्यांनी लिहिला जाणारा) डेल्टा. दोघांनाही चुकीचं अक्षर मागे येऊन काढता येतं.

पॉलिमरेज तीन आणि एक हे ई. कोलायचे. ते दृश्यकेंद्रकी (युकॅरिओट, म्हणजे केंद्रक असलेल्या) पेशीच्या उत्तरात लिहिणं म्हणजे सरळ चूक.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७.०५

अंजनेरी, उत्तम. त्यात एक भर. पदराच्या दोन टोकांना ५' आणि ३' म्हणतात. ई. कोलायचं हेलिकेज लॅगिंग पदराच्या साच्यावरून ५'→३' चालतं, आपलं सीएमजी लीडिंगच्या साच्यावरून ३'→५'. जीवाणूची आकृती काढून वर "युकॅरिओट" लिहिलं की हेलिकेज चुकीच्या पदरावर बसतं. जाणकार परीक्षक तिथेच पेन्सिल टेकवतात.

लॅगिंगवर थोडं थांबायला हवं, कारण खरी कसरत तिथे आहे. रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी यांनी १९६०च्या दशकात दाखवलेले तुकडे जीवाणूत १,००० ते २,००० अक्षरांचे असतात, आपल्याकडे १०० ते २००. हा आकडा न्यूक्लिओसोमच्या (हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनएचा गुंडाळा) अंतराशी जुळतो, आणि तो योगायोग नाही. फोर्क पुढे गेला की मागे लगेच हिस्टोन बसवले जातात. सीएएफ-१ हे प्रथिन पीसीएनएलाच धरून असतं आणि नवे हिस्टोन तिथल्या तिथे चढवतं. डेल्टा मागचा तुकडा उचलत उचलत पुढे सरकतं आणि नुकत्याच बसलेल्या न्यूक्लिओसोमशी अडतं. सांधे तिथे पडतात.

सांधा कसा बुजतो? डेल्टा आधीच्या तुकड्याचं टोक एकदोन अक्षरांनी उचलतं, फेन१ हे एन्झाइम ते कापतं, पुन्हा उचलतं, पुन्हा कापतं. असं करत आरएनए तर जातोच, अल्फाने न तपासता लिहिलेला डीएनएही बराचसा निघतो. मग लायगेज १ टाका घालतं. टोक फार लांब उचललं गेलं तर त्यावर आरपीए बसतं आणि फेन१ ला कापता येत नाही, तेव्हा आधी डीएनए२ हे एन्झाइम ते तोकडं करतं.

माणसाच्या एका पेशीत ६.२ अब्ज अक्षरजोड्या. तुकडा सरासरी १५० चा धरला तर एका एस फेजमध्ये सुमारे ४ कोटी तुकडे, आणि प्रत्येकाला वरचे सगळे सोपस्कार. कांद्याचा हिशोब तुम्हीच करा, त्याचा जीनोम माणसाच्या पाचपट आहे.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८.२०

पाचपट? कांद्याचा?

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ८.४१

हो. कांद्याच्या एका संचात सुमारे १६ अब्ज जोड्या, माणसाच्या ३.१ अब्ज. जनुकं पाचपट नाहीत, बहुतेक सगळा भरणा पुनरावृत्तीचा आहे. पण नक्कल करणाऱ्याला भरणा काय आणि जनुक काय, एकन् एक अक्षर लिहावंच लागतं. जी१ मधल्या पेशीत ३२ अब्ज जोड्या, गुणिले ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास ११ मीटर डीएनए. तोही मुळाच्या टोकातल्या एका पेशीत.

आता वेळ. दृश्यकेंद्रकी फोर्क मिनिटाला १,००० ते ३,००० जोड्या चालतो. ई. कोलायचा सेकंदाला सुमारे १,०००. कांद्याचं सरासरी गुणसूत्र २ अब्ज जोड्यांचं. मधोमध एकच आरंभस्थान असतं आणि दोन्ही फोर्क मिनिटाला २,००० ने धावले असते, तर २ अब्ज भागिले ४,००० म्हणजे ५ लाख मिनिटं. जवळपास वर्ष लागलं असतं, आणि कांद्याचं पीक तर त्याच्या निम्म्याहूनही कमी दिवसांत निघतं.

म्हणून आरंभस्थानं अनेक. माणसाच्या पेशीत एका एसमध्ये ३० ते ५० हजार उडतात (म्हणजे कामाला लागतात). एस ८ तासांचा धरून भागाकार केला तर वाटतं की ३,०००-३,५०० सुद्धा पुरतील. पण ते सगळे सुरुवातीलाच उडून शेवटपर्यंत धावले तर. प्रत्यक्षात ती टप्प्याटप्प्याने उडतात: चालू जनुकांचा सैल क्रोमॅटिन आधी, घट्ट हेटरोक्रोमॅटिन शेवटी. ४० हजार धरले तर एकाच्या वाट्याला सुमारे दीड लाख जोड्या येतात, दोन फोर्कना मिळून चाळीसेक मिनिटांचं काम.

यीस्टमध्ये आरंभस्थानाला ठरलेली अक्षरं असतात, माणसात तशी नाहीत. ड्रोसोफिला या फळमाशीच्या अगदी सुरुवातीच्या गर्भात तर स्थानं इतकी जवळजवळ उडतात की अख्खा एस फेज ३-४ मिनिटांत संपतो.

मूळटोक | मंगळवार, सकाळी ९.३०

इतकी हजारो स्थानं उडतात तर एखादं चुकून दोनदा उडत नाही का?

अंजनेरी | मंगळवार, दुपारी १.१५

नेमकं हेच सांभाळण्यासाठी लायसन्स वेगळं आणि उडवणं वेगळं ठेवलंय. एसटीत तिकिटं गाडी सुटण्याआधी, एकदा गाडी हलली की खिडकी बंद. सीडीके कमी असतं तेव्हाच एमसीएम चढतं. सीडीके वाढलं की चढलेलं एमसीएम उडतं, पण नवं चढत नाही. त्यावर आणखी कुलपं आहेत. प्राण्यांत जेमिनिन हे प्रथिन सीडीटी१ ला धरून ठेवतं. शिवाय सीडीटी१ काम चालू असलेल्या पीसीएनएजवळ गेलं की त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का बसतो आणि ते मोडीत निघतं.

हे प्रथिनांची नावं कळण्याआधी प्रयोगातून दिसलं होतं. १९७०, पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन. हेला या मानवी कर्करोगपेशी वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबवून सेंडाय विषाणूच्या मदतीने एकमेकींत मिसळल्या. एसमधल्या पेशीशी जी१ ची पेशी जोडली तर जी१ च्या केंद्रकानेही वेळेआधी नक्कल सुरू केली. एसशी जी२ जोडली तर जी२ चं केंद्रक ढिम्म. द्रव तोच, सिग्नल तोच, पण त्याचं लायसन्स वापरून झालेलं होतं.

एमसीएम मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त चढवलेलं असतं. बहुतेक स्थानं गप्पच राहतात आणि शेजारचा फोर्क त्यांच्यावरून निघून जातो. फोर्क अडकला तरच ती उठतात. म्हणून एमसीएम थोडं कमी केलं तरी पेशी रोजच्या कामात धड दिसते, ताण आला की मात्र कोसळते.

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी २.००

परीक्षेसाठी इथे एक गोष्ट जोडून ठेवा. अर्धसंरक्षी नक्कल (प्रत्येक नव्या रेणूत एक पदर जुना, एक नवा) म्हटलं की सगळे १९५८ चा मेसेल्सन-स्टाल प्रयोग लिहितात. त्याच्या एक वर्ष आधी, १९५७ मध्ये, हर्बर्ट टेलर आणि सहकाऱ्यांनी ती गुणसूत्राच्या पातळीवर दाखवली होती, बाकल्याच्या मुळाच्या टोकात. थायमिडीनला (डीएनएच्या एका अक्षराचा कच्चा माल) ट्रिशियम हा किरणोत्सारी हायड्रोजन लावून मुळांना दिलं, मग साध्या पाण्यात वाढवलं, वर फोटोचं इमल्शन. पहिल्या विभाजनात दोन्ही क्रोमॅटिडवर (गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींवर) ठिपके, दुसऱ्यात दोनपैकी एकीवरच. कोणत्या पेशीने किती फेऱ्या केल्या हे कळावं म्हणून कोल्चिसिन वापरलं. कोल्चिसिन तर्कू (गुणसूत्रं ओढणारे तंतू) मोडतं, नक्कल थांबवत नाही. म्हणूनच गुणसूत्रं दुप्पट होत जातात.

आता ट्रिशियमऐवजी ईडीयू हा थायमिडीनसारखा रेणू वापरतात. मुळांना अर्धा-एक तास देऊन क्लिक अभिक्रियेने त्याला चमकता रंग जोडला की एसमधली केंद्रकं चमकतात. तसल्याच बीआरडीयूला प्रतिपिंड लागतं आणि ते आत पोचावं म्हणून डीएनए आम्लाने उलगडावा लागतो. ईडीयूला ती कटकट नाही. दोन्हीला फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक मात्र हवा.

शंकासुर | मंगळवार, सायंकाळी ६.४०

पीळ राहिला. दोन पदर एकमेकांभोवती गुंडाळलेले. हेलिकेज मधून घुसलं की पुढचा पीळ आवळत जाणार. जोड्या १०.५ झाल्या की एक वेढा, म्हणजे मिनिटाला २,००० च्या वेगाने १९० वेढे. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, मग हा पीळ जातो कुठे?

अंजनेरी | मंगळवार, रात्री ८.१०

म्हण चपखल. पीळ काढायला टोपोआयसोमरेज (टोपो) ही एन्झाइम. एक नंबर एकाच पदराला चीर देतं, पीळ फिरून मोकळा होतो, पुन्हा जोडतं. दोन नंबर दोन्ही पदर कापून त्या फटीतून दुसरा डीएनए पार करतं. नक्कल संपल्यावर एकमेकांत अडकलेल्या भगिनी क्रोमॅटिड सोडवायला तेच लागतं.

कापल्यावर टोपो १ पदराच्या टोकाला स्वतः चिकटून राहतं, म्हणून सहसा काही सुटत नाही. याच क्षणी कॅम्प्टोथेसिन हे औषधी द्रव्य येऊन बसलं तर जोडणी अडते. नुसती चीर फार घातक नसते. पण फोर्क धावत येऊन तिच्यावर आपटला की एका पदराची चीर दोन्ही पदरांची होते. म्हणून हे औषध एसमधल्या पेशींना जास्त मारतं. इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही कर्करोगाची औषधं याचीच भावंडं. कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं करणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा. दुसरे मनरो वॉल. आणि हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाच्या लाकडात असतं. त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९.००

औषधांचा विषय निघालाच आहे तर हायड्रॉक्सियुरिया. आपल्या आदिवासी तालुक्यांतल्या मुलांना सिकलसेलमध्ये हे नाव ऐकून माहीत असतं. तिथे त्याचा उपयोग गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी. पण त्याचा मूळ मार एसवर आहे. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम बंद पडतं, डीएनएची अक्षरं तयार होणं थांबतं, फोर्क जागीच उभे राहतात. उघड्या पदरावर आरपीए साचलं की एटीआर आणि सीएचके१ ही तपासनाकी जागी होतात, नवी स्थानं उडू देत नाहीत, पेशीला विभाजनात जाऊ देत नाहीत. म्हणूनच रक्तपेशींची संख्या तपासत राहून डोस ठरवतात: अस्थिमज्जेत एसमधल्या पेशी भरपूर असतात.

अक्षरांची टंचाई एरवीही असतेच. पेशीत आरएनएची अक्षरं डीएनएच्या अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे पॉलिमरेज चुकून तीच उचलतं. उंदराच्या पेशीत दर फेरीत अशी १० लाखांहून अधिक घुसतात. ती आरएनेज एच२ काढतं.

बाकी चुकांचा हिशोब तीन चाळण्यांचा. निवड करताना साधारण १ लाखात एक चूक, मागे येऊन तपासल्यावर १ कोटीत एक, मिसमॅच दुरुस्तीनंतर (न जुळणाऱ्या जोड्या सुधारल्यावर) १ अब्जात एक किंवा त्याहूनही कमी. तिसरी चाळणी फाटली, म्हणजे एमएलएच१ किंवा एमएसएच२ हे जनुक बिघडलं, की लिंच सिंड्रोम (कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती). दुसरी फाटली, म्हणजे एप्सिलॉनचा तपासणारा भाग बिघडला, तर मोठ्या आतड्याचे आणि गर्भाशयाच्या अस्तराचे काही कर्करोग, ज्यांत उत्परिवर्तनांचा नुसता पूर असतो.

चाळीतला_कांदा | मंगळवार, रात्री १०.२२

गुणसूत्राच्या टोकाचं कुणीच बोललं नाही. लॅगिंगचा शेवटचा प्रायमर निघाला की ती जागा भरायला मागे कुणी नाही. माणसात दर विभाजनाला ५० ते २०० अक्षरं कमी होतात. भरपाई टेलोमरेज हे एन्झाइम करतं, स्वतःच्या आरएनएचा साचा घेऊन. ब्लॅकबर्न आणि ग्रायडर यांना ते १९८४ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात सापडलं, २००९ मध्ये शोस्टॅक यांच्यासह नोबेल.

माणसाची टोकाची अक्षरं टीटीएजीजीजी. बहुतेक वनस्पतींत एक टी जास्त, टीटीटीएजीजीजी. कांद्यात यातलं काहीच नाही! त्यामुळे कित्येक वर्षं असा समज होता की कांदा टेलोमरेज वापरतच नसावा, काहीतरी वेगळीच युक्ती असावी. २०१६ मध्ये झेक गटाने त्याची १२ अक्षरं शोधली, सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी, आणि ती टेलोमरेजच लिहितं हेही दाखवलं. तेव्हा "सर्व वनस्पतींत टीटीटीएजीजीजी" असं लिहिलेलं दिसलं तर पेनने खोडा.

मूळटोक | बुधवार, सकाळी ७.३०

सगळ्यांचे आभार. शेवटचा व्यवहारातला प्रश्न. बाजारातून आणलेल्या काही कांद्यांना मुळंच फुटत नाहीत. का?

चाळीतला_कांदा | बुधवार, सकाळी ८.१२

नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो. चाळीत दोनतीन महिने राहिलेला उन्हाळी कांदा घ्या. मान सुकलेली, बुडखा टणक. बुडख्याची जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडा, पण चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच येतात. फक्त बुडखा पाण्याला टेकू द्या, पाणी रोज बदला. मुळं दीड-दोन सेंटिमीटरची झाली की सकाळी तोडा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी असेल तर उबदार जागी ठेवा, २५ अंशांच्या आसपास. गारठ्यात पेशीचक्र मंदावतं आणि स्लाइडवर विभाजनं मिळत नाहीत.

आणि विकिरण केलेला कांदा चुकूनही घेऊ नका. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक" हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे, तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याची मोड रोखतात. मात्रा १०० ग्रेच्या (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) आत असते. कांदा खायला उत्तम राहतो, पण वाढीच्या टोकातल्या पेशींचा डीएनए जागोजाग तुटलेला असतो आणि त्या विभाजनापर्यंत पोचत नाहीत. असा कांदा आठवडाभर पाण्यावर ठेवलात तरी स्लाइडवर मोजायला काही मिळणार नाही.

प्रयोगवही | बुधवार, सकाळी ८.३०

दरवेळी पाचसहा कांदे लावा, एकावर भिस्त ठेवू नका. मुळं फिक्स झाल्यावर ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजात ठेवली तर पुढच्या बॅचलाही चालतात.